पळणाऱ्या बाईचं मन

(जिल्ह्यातील महिला गटांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)



शिबिराच्या पत्रिकेत 'लांब पल्ल्याचं धावणं आणि मन' हा विषय पाहून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला गाठलं. म्हणाल्या, पोटगी, रेशन, मारहाण, दवाखाना या सगळ्यात हे धावणं कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. मी सल्ला केंद्रात काम करते. गेली सहा वर्षं आमच्या वस्तीतल्या बायका आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुली मिळून आम्ही आठवड्यातून चार दिवस पहाटे पळतो. मी स्वतः एकदा पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, पळले आहे. वेळ किती लागला ते विचारू नका. मी पोचले तेव्हा मांडव सोडायला लागले होते एवढंच सांगते. तेव्हा आज बोलणार आहे ते थोडं वाचलेलं, थोडं पायांनी शिकलेलं आणि पुष्कळसं त्या बायकांनी पळता पळता सांगितलेलं आहे.

आधी थोडा इतिहास. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा मैदानी शर्यतींत भाग घेऊ दिला गेला. त्यात ८०० मीटरची शर्यत होती, म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. जर्मनीच्या लीना राडकेनं ती २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली आणि जागतिक विक्रम केला. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणी शेवटपर्यंत पोचल्या. पण वर्तमानपत्रांनी छापलं काय? बायका पटापट कोसळल्या, बघवत नव्हतं, हे प्रकार बंद करा. शर्यत संपल्यावर कुणी गवतावर आडवी झाली असेल. पुरुषही होतात. पण पुरुष आडवा झाला की त्यानं जिवाची बाजी लावली आणि बाई आडवी झाली की तिला झेपलं नाही! ती ८०० मीटरची शर्यत जी बंद झाली ती १९६० सालीच परत आली. मधली ३२ वर्षं ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी २०० मीटरहून लांब पल्ल्याची एकही वैयक्तिक शर्यत नव्हती.

मॅरेथॉनची कथा आणखी पुढची. अमेरिकेत बॉस्टनची मॅरेथॉन फार जुनी. १९६६ साली बॉबी गिब नावाच्या मुलीला 'बायकांना एवढं अंतर झेपत नाही' म्हणून प्रवेश नाकारला. ती सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपात लपून बसली, अर्धे पुरुष पुढे गेल्यावर बाहेर आली आणि सव्वातीन तासांच्या वर थोड्या मिनिटांत शर्यत पुरी केली. १९६७ साली कॅथरीन स्वित्झरनं 'के. व्ही. स्वित्झर' एवढंच नाव देऊन २६१ क्रमांक मिळवला. शर्यतीतला एक अधिकारी रस्त्यावर धावत आला आणि तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायला लागला. सोबतच्या मित्रानं त्याला धक्का देऊन बाजूला केलं. ते फोटो जगभर गेले. ते फोटो पाहताना मला एकच प्रश्न पडायचा, की त्यानंतरचे पस्तीसएक किलोमीटर ही बाई कशाच्या बळावर पळाली असेल? तिनं पुढे अनेकदा सांगितलं आहे, की आधी लाज वाटली, भीती वाटली, सोडून द्यावंसं वाटलं; मग लक्षात आलं, की आपण थांबलो तर बायकांना हे जमत नाही हेच सगळे म्हणतील. म्हणजे पाय तिचे, पण डोक्यावर ओझं सगळ्या बायकांचं. १९७२ साली बॉस्टनमध्ये बायकांना रीतसर प्रवेश मिळाला आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडलं.

इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की थकवा आला की शरीर काहीतरी सांगतं. छाती भरून येते, पोटऱ्या जड होतात, पोटात कळ येते. पण त्या सांगण्याचा अर्थ लावतं मन, आणि मन तो अर्थ ऐकीव गोष्टींतून लावतं. धाप लागली ही शरीराची खबर झाली. 'बाईमाणसाला हे शोभत नाही, झेपत नाही' ही १९२८ सालच्या वर्तमानपत्राची खबर झाली. पळताना या दोन खबरा एकमेकींत इतक्या मिसळून येतात, की वेगळ्या करायला महिने लागतात.

आमच्या गटात एक मुलगी होती, वनरक्षक भरतीची तयारी करणारी. मुलींना तीन किलोमीटर पळावं लागतं. ही दोन किलोमीटर छान पळायची आणि दर वेळी एका ठरावीक बाभळीपाशी थांबायची. म्हणाली, "ताई, इथपर्यंत पाय चालतात. इथे आलं की डोकं म्हणतं, बस." मी विचारलं, "डोकं कुणाच्या आवाजात म्हणतं गं?" ती विचारात पडली. मग हसायलाच लागली. म्हणाली, "आत्याच्या!" आत्या घरात सगळ्यांसमोर म्हणायची, की हिच्याच्यानं काही तडीस जात नाही. त्या दिवसापासून आमच्या गटात त्या बाभळीचं नाव आत्या पडलं. बाभळ अजून आहे, मुलगी भरती झाली.

हसण्यावारी नेऊ नका, याला आधार आहे. २०१४ साली इंग्लंड-वेल्सकडच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चोवीस माणसांना सायकल थकेपर्यंत चालवायला लावली. मग अर्ध्यांना स्वतःशी काय बोलायचं ते शिकवलं. ठरावीक वाक्यं, प्रत्येकानं स्वतः निवडलेली, कधी म्हणायची तेही ठरवलेलं. दोन आठवड्यांनी त्यांची टिकण्याची वेळ सुमारे अठरा टक्क्यांनी वाढली, बाकीच्यांची वाढली नाही. शरीर तेच, सायकल तीच. मला यातला 'स्वतः निवडलेली' हा भाग महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे सुरुवातीला एका प्रशिक्षकानं मुलींना घोषवाक्यं पाठ करायला दिली होती. त्यांतलं एकही कुणाला पळताना आठवलं नाही. मग मुलींनी आपापली शोधली. एकीचं वाक्य होतं, 'अजून विहिरीपर्यंत.' दुसरीचं होतं, 'कुणाची घाई आहे?' तिसरीचं मला सांगता येणार नाही, शिवी आहे. पण तिला ते उपयोगी पडतं.

आता मेंदू आणि थकवा यांबद्दल थोडं. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर टिम नोक्स यांनी मांडलं, की थकवा हा निव्वळ स्नायूंचा हिशेब नसतो. जिवाला धोका होऊ नये म्हणून मेंदू आधीच लगाम खेचतो आणि थोडी शिल्लक राखून ठेवतो. या मांडणीवर वाद पुष्कळ आहेत, सगळ्या शास्त्रज्ञांना ती मान्य नाही. पण एक गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. शर्यतीत मेल्यासारखी पळणारी माणसं शेवटची कमान दिसली की सुसाट सुटतात. स्नायूच संपले असते तर ही ताकद आली कुठून?

दुसरं एक संशोधन मला सल्ला केंद्राच्या कामामुळे फार जवळचं वाटतं. सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ते प्रसिद्ध केलं. सोळा जणांना एकदा नव्वद मिनिटं डोकं शिणवणारं, सतत लक्ष ठेवावं लागणारं काम दिलं आणि एकदा तेवढाच वेळ माहितीपट दाखवला. दोन्ही वेळा नंतर सायकल चालवायला लावली. डोकं शिणलेलं असताना माणसं लवकर थांबली. हृदय आणि फुप्फुसं पहिल्यासारखीच चालत होती. फरक एवढाच, की तेवढंच कष्टाचं काम त्यांना जास्त कष्टाचं वाटत होतं. आता आपल्या घरातली बाई डोळ्यांसमोर आणा. गॅस संपत आला, मुलाची फी, सासऱ्यांच्या गोळ्या, उद्याची भाजी, बचत गटाचा हप्ता, नवरा आज कसा घरी येणार. हे नव्वद मिनिटांचं काम नाही, ते दिवसभर चालतं. ती संध्याकाळी म्हणते, "अंगात काही उरलंच नाही." आणि घरातले म्हणतात, दिवसभर तर घरातच होतीस! तिच्या पायांचं नव्हे, डोक्याचं काम झालेलं असतं, आणि त्याचा परिणाम पायांवर होतो हे आता प्रयोगशाळेत मोजलं गेलं आहे. म्हणून आम्ही पहाटे पळतो. घर जागं व्हायच्या आत. सासूबाईंचा पहिला प्रश्न यायच्या आत.

पळताना मन कुठे ठेवायचं, हा खरा आजचा विषय. मॉर्गन आणि पोलॉक या अमेरिकन अभ्यासकांनी १९७७ साली अव्वल मॅरेथॉनपटूंचा अभ्यास केला. त्यांना वाटलं होतं, हे लोक त्रास विसरायला मन दुसरीकडे नेत असतील. उलटंच निघालं. साधारण धावणारे मन दुसरीकडे नेत होते, कुणी गाणी म्हणत होतं, कुणी मनातल्या मनात घर बांधत होतं. अव्वल धावणारे मात्र सतत शरीराची विचारपूस करत होते. श्वास कसा आहे, खांदे आवळले आहेत का, पोटऱ्या काय म्हणतात, वेग जरा कमी करू का.

मन दुसरीकडे न्यायची कला आपल्याला नवी नाही. जात्यावरच्या ओव्या कशासाठी होत्या? पहाटे दोन-तीन तास जातं ओढणं ही लांब पल्ल्याची शर्यतच होती, रोजची, बिनबक्षिसाची. ओवीच्या लयीत हात फिरत राहायचा आणि माहेर, भाऊ, विठ्ठल, सवत, सगळं त्यात यायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेवँ यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांनी मिळून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. त्या बहुतेक वेळा साहित्य म्हणून वाचल्या जातात. मला त्यांत श्रमाचं शास्त्रही दिसतं. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ, जिचा मॅरेथॉनचा विक्रम सोळा वर्षं टिकला, ती पळताना आकडे मोजायची. शंभरपर्यंत तीनदा मोजलं की साधारण एक मैल होतो हा तिचा हिशेब. आमच्या गटातल्या पोळ्या करणाऱ्या मावशी विजेचे खांब मोजतात. खांब संपले की पुन्हा एकपासून. म्हणतात, "पोळ्याही अशाच मोजते, दोनशे म्हटलं की धडकी भरते, वीस-वीस केल्या की होतात."

पण इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण आपण सगळ्या हिंसेच्या प्रश्नावर काम करतो. मारहाण सोसणाऱ्या बाईशी बोलताना तुम्ही हे ऐकलं असेल, की मार पडत असताना मी तिथे नसतेच, मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत असते. तिनं शरीर सोडून जायला शिकलेलं असतं. ती तिची जगण्याची युक्ती असते, त्यात तिला नावं ठेवण्यासारखं काही नाही. मात्र ती युक्ती इतकी अंगवळणी पडते, की मग भूक कळत नाही, लघवी लागलेली कळत नाही, दुखणं पार पुढे गेल्याशिवाय कळत नाही. आणि मार नसला तरी थोड्याफार प्रमाणात आपण सगळ्याच अशा वाढतो. एसटीत आठ तास लघवी दाबून ठेवायची. पाळीत कंबर मोडली तरी कुणाला कळू द्यायचं नाही. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं. अशा बाईला पळायला शिकवताना पहिल्याच दिवशी 'त्रासाकडे लक्ष देऊ नकोस' असं सांगणं मला बरोबर वाटत नाही. तिला ते आधीच नको तितकं येतं. आमच्याकडे पहिले दोन महिने उलटा पाठ असतो. दर पाच मिनिटांनी मी विचारते, काय दुखतंय, कुठे दुखतंय, तहान लागली का? सुरुवातीला उत्तर येतं, "काही नाही ताई, ठीक आहे." सगळ्या जणी, सगळं ठीक! सहाव्या-सातव्या आठवड्यात कुणीतरी पहिल्यांदा म्हणते, "उजवा गुडघा आतल्या बाजूनं दुखतोय, उतारावर जास्त." त्या दिवशी मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. एवढं नेमकं तिनं दवाखान्यातही कधी सांगितलेलं नसतं.

आणि सगळंच मनावर ढकलू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. शंभरातल्या सत्तावन्न! हिमोग्लोबिन नऊ असलेल्या मुलीला धाप लागली तर तिचं मन कच्चं नाही, रक्त कमी आहे. भरतीच्या मुलींना 'जिद्द ठेव' म्हणणारे पुष्कळ भेटतात, 'रक्त तपासलंस का' म्हणणारं कुणी भेटत नाही. वर वजन कमी करायचं वेड. २०१९ साली मेरी केन या अमेरिकन धावपटूनं जाहीरपणे सांगितलं, की वेग वाढवण्यासाठी तिला सतत वजन कमी करायला लावलं गेलं. तिची पाळी तीन वर्षं बंद होती, हाडं मोडली, जीव द्यायचे विचार आले. जगातल्या सर्वांत श्रीमंत सराव केंद्रांपैकी एकात हे घडलं. आपल्याकडे मुलीची पाळी थांबली तर 'बरंच झालं, सरावाला खाडा नाही' असं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. पाळी थांबणं ही पोटात पुरेसं अन्न जात नसल्याची खूण असू शकते. तेवढं लक्षात ठेवून डॉक्टरकडे न्या.

तीस किलोमीटरनंतर 'भिंत' येते म्हणतात, ती काय असते हे थोडक्यात सांगते, कारण आपल्यातल्या फारच थोड्या जणी तिथपर्यंत जाणार आहेत. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर संपत येते. मेंदूही साखरेवरच चालतो. मग साधी बेरीज जमत नाही, उगाच रडू येतं, आपण इथे का आलो असं वाटतं. त्या वेळी जे विचार येतात त्यांवर विश्वास ठेवायचा नाही, आधी गुळाचा खडा तोंडात टाकायचा. यात बायकांबद्दल एक चांगली बातमी आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या चौदा मॅरेथॉनमधल्या जवळजवळ ९२ हजार नोंदी तपासल्या. दुसऱ्या अर्ध्या टप्प्यात पुरुष सरासरी १५.६ टक्क्यांनी मंदावले, बायका ११.७ टक्क्यांनी. याचं एक कारण शरीराच्या घडणीत असेल, दुसरं असं सांगतात, की पुरुष सुरुवातीला जास्त जोरात सुटतात. पुढच्या खर्चाचा अंदाज घेऊन पैसे पुरवून वापरणारी बाई आपण रोज पाहतो. मला नवल वाटलं नाही.

आता रस्त्याबद्दल. पुरुष पळतो तेव्हा त्याचं मन दोन ठिकाणी असतं, शरीरात आणि रस्त्यावर. बाई पळते तेव्हा तिसरं एक ठिकाण असतं. मागून येणारी मोटारसायकल मंद का झाली? टपरीवरचे चौघे काय बोलले? ओढणी सरकली का? पुढच्या वळणावर दिवा लागलाय की नाही? पळायला लागणारं जे लक्ष, त्यातला मोठा वाटा इथे खर्च होतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांवर २०११ साली पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं, की बाईला बाहेर दिसायचं तर हातात काहीतरी काम दिसावं लागतं. पिशवी, डबा, मूल. बिनकामाची बाई रस्त्यावर चालत नाही. आणि पळण्याइतकं बिनकामाचं दुसरं काय आहे? कुठे पोचायचं नाही, काही आणायचं नाही, जिथून निघालो तिथेच परत यायचं! भरतीच्या मुलींना निदान 'पोलिसात जायचंय' हे कारण असतं. पन्नाशीच्या मावशींना कुणी विचारलं, की त्या सांगतात, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं नाही. त्यांना पहाटे पळायला आवडतं.

टपरीचं सांगते. सुरुवातीला तिथून शेरे यायचे. आम्ही दोघी-तिघी होतो तेव्हा मी रस्ता बदलायचा विचार केला होता. मावशी म्हणाल्या, रस्ता का बदलायचा, माणसं वाढवू. बारा जणी झालो. दोन महिन्यांनी टपरीवरचेच कंटाळले. आता वेळेवर नाही आलो तर विचारतात. मात्र अंधारातून एकटी येणारी मुलगी हा प्रश्न यानं सुटत नाही. त्यासाठी आम्ही मैदानाच्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी नगरपालिकेत चार अर्ज दिले, पाचव्याला दिवे लागले.

आणि रस्त्याइतकंच घर. केनियाची ॲग्नेस टिरॉप, दोनदा जागतिक स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक मिळवणारी. सप्टेंबर २०२१ मध्ये तिनं फक्त महिलांच्या १० किलोमीटर शर्यतीचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच महिन्यात ती स्वतःच्या घरात भोसकलेल्या अवस्थेत मृत सापडली, तिच्या नवऱ्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. वय पंचवीस. युगांडाची रेबेका चेप्टेगी ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची मॅरेथॉन पळाली आणि सप्टेंबरमध्ये गेली. पूर्वीच्या जोडीदारानं तिच्या अंगावर पेट्रोल ओतून तिला पेटवलं होतं. वाद जमिनीवरून होता, जी तिनं स्वतःच्या कमाईनं घेतली होती. या बायकांकडे मनाची ताकद कमी होती, असं कोण म्हणेल? ४२ किलोमीटर पळायला लागणारं मन त्यांच्याकडे होतं. त्यांच्याकडे नव्हतं ते संरक्षण. टिरॉप गेल्यावर केनियातल्या धावपटूंनी 'टिरॉप्स एंजल्स' ही संस्था काढली, ती हिंसा सोसणाऱ्या बायकांना मदत करते. हे काम तुम्हाला ओळखीचं वाटेल. म्हणून कुणी मला म्हणालं, की बायकांना पळायला शिकवा, त्या कणखर होतील आणि मग अत्याचार सहन करणार नाहीत, तर मी त्याला होकार देत नाही. तक्रार नोंदवून घेणारा पोलीस, राहायला जागा, घराच्या कागदावर नाव, हे सगळं तसंच लागतं. पळणं त्याच्या जागी ठेवता येत नाही. तसंच नैराश्याचं. व्यायामानं हलक्या आणि मध्यम नैराश्यात फायदा होतो हे खरं, पण पळायला लागली म्हणून कुणी गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

शेवटचा मुद्दा 'सहनशक्ती' या शब्दाचा, माझं त्याच्याशी भांडण आहे. २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता भगवान करे ही साठी उलटलेली बाई नऊवारी नेसून, अनवाणी तीन किलोमीटर पळाली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे नव्हते, बक्षिसाची रक्कम हवी होती. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेखही झाला. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण ती बातमी 'बघा बाईची सहनशक्ती' म्हणून फिरली, तेव्हा मला राग आला. तपासणीच्या पैशांसाठी म्हातारीला अनवाणी पळावं लागतं, यावर कुणी अग्रलेख लिहिला का?

सोसणं आणि पळणं यांत फरक आहे. सोसण्यात त्रास किती, किती वेळ आणि कशासाठी हे दुसरं कुणीतरी ठरवतं. पळण्यात मी ठरवते. आणि थांबायचं कधी तेही मी ठरवते. १९८४ च्या त्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये जोन बेनॉइट सुरुवातीच्या पाचएक किलोमीटरनंतरच घोळक्यातून पुढे निघाली. बाकीच्यांना वाटलं, ही दमेल, मागे येईल. ती उरलेलं सगळं अंतर एकटी पळाली, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. त्याच वर्षी निवड शर्यतीच्या सतरा दिवस आधी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. त्याच शर्यतीत स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हानं लडबडत मैदानात आली, शेवटच्या फेरीला तिला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. डॉक्टर जवळ आले की ती बाजूला सरकायची, हात लावला तर ती बाद झाली असती. दोन्ही चित्रं लोकांनी पाहिली. १९२८ सालासारखी पुन्हा बंदीची मागणी होते की काय, असं कुणाला वाटलं असेल तर नवल नाही. बंदी आली नाही. मी मुलींना दुसरं चित्र दाखवते तेव्हा विचारते, तुम्ही काय केलं असतं? निम्म्या म्हणतात, पोचलेच असते. निम्म्या म्हणतात, बसले असते. दोन्ही उत्तरं मी फळ्यावर लिहून ठेवते. कुणाला चूक म्हणत नाही.

आमच्या गटातली एक ताई गेल्या वर्षी दहा किलोमीटरच्या शर्यतीत सातव्या किलोमीटरला थांबली. पोटरीत गोळा आला होता. रस्त्याकडेला बसली, पाणी प्यायली, रिक्षानं घरी आली. संध्याकाळी मला म्हणाली, "ताई, लग्नानंतर पहिल्यांदा मी एखादी गोष्ट अर्ध्यावर सोडली आणि कुणाची माफी मागितली नाही." या वर्षी ती पुन्हा नाव नोंदवणार आहे की नाही, हे तिनं अजून सांगितलेलं नाही.

आता उद्याचं. सकाळी साडेपाचला शाळेच्या मैदानावर जमायचं आहे. बूट नसले तरी चालेल, चपला मात्र नकोत. ज्यांच्याकडे आतले घट्ट कपडे नाहीत त्यांनी दोन घालावेत, लाजू नका, छातीला आधार नसतो म्हणून काही बायका पळणं सोडतात. काल तपासणीत ज्यांचं रक्त दहाच्या खाली निघालं त्यांनी चालायचं, पळायचं नाही, आणि गोळ्या घेऊनच गावी परतायचं. बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं आहे. ज्यांना मधेच थांबायचं असेल त्यांनी थांबावं, कारण सांगायची गरज नाही.

प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतल्या काकूंचा हात मघापासून वर आहे.